पंचवीस महिन्यांची बॅटरी : साताऱ्यातील एका गाडीचा प्रकरण अभ्यास

साताऱ्यातील गोडोली भागात राहणाऱ्या एका सेवानिवृत्त शिक्षकांच्या गाडीची बॅटरी २०२२ आणि २०२४ अशी दोनदा बदलली गेली, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात तिसऱ्यांदा बदलण्याची वेळ अगदी दारापर्यंत येऊन परत गेली. वाहनमालक माझे थोरले चुलतभाऊ असल्याने पुढे त्यांचा उल्लेख दादा असाच केला आहे. मी बँकेत हिशेबाच्या टेबलावर काम करतो. वाहनदुरुस्तीचे शिक्षण मला नाही. या प्रकरणात मी पडलो तो ‘नवी बॅटरी कितीला पडेल’ एवढ्याच प्रश्नासाठी, कारण घरात काही घ्यायचे ठरले की तीन ठिकाणचे भाव काढण्याचे काम माझ्याकडे येते. भाव काढले, पण त्यांच्या आधी जो कागद पाहायला हवा होता तो गाडीच्याच कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, दोन वर्षे पडून होता.

गाडी आणि तिची बिले

गाडी लहान, पेट्रोलवर चालणारी, मार्च २०१८ मध्ये घेतलेली, एमएच-११ पासिंगची. तिला १२ व्होल्टची, ३५ अँपिअर-अवर (किती अँपिअर प्रवाह किती तास देता येतो त्याचे माप) क्षमतेची बॅटरी लागते आणि त्या बॅटरीच्या अंगावर ३८बी२०एल असा क्रमांक असतो. हा क्रमांक जपानी मानकाप्रमाणे असून त्यातील ३८ हा कामगिरीचा दर्जा, बी हे अक्षर रुंदी-उंचीचे, २० हा आकडा सेंटिमीटरमधील अंदाजे लांबीचा, आणि शेवटचे अक्षर धन टर्मिनल कोणत्या बाजूला आहे हे सांगणारे असते. भाव विचारताना गाडीचे नाव सांगण्यापेक्षा हा क्रमांक सांगितलेला बरा. शेवटच्या एलच्या जागी आर आले तर बॅटरी ट्रेमध्ये नीट बसते, पण केबल टर्मिनलपर्यंत पोहोचत नाही.

गाडीसोबत आलेली पहिली बॅटरी नोव्हेंबर २०२२ पर्यंत, म्हणजे ५६ महिने, एकाही तक्रारीविना चालली. दुसरी त्याच महिन्यात ३,८०० रुपयांना बसवली (किंमत ४,४५०, जुनी परत दिल्याबद्दल ६५० वजा) आणि ती डिसेंबर २०२४ मध्ये, पंचविसाव्या महिन्यात गेली. तिच्या वॉरंटीचे पहिले २४ महिने ‘फ्लॅट’ होते, म्हणजे त्या काळात दोष निघाल्यास बॅटरी मोफत बदलून मिळते. पुढचे २४ महिने ‘प्रोरेटा’ होते, म्हणजे वापरलेल्या महिन्यांच्या हिशेबाने नव्या बॅटरीवर काही टक्के सूट मिळते. ही सूट छापील किमतीवर धरतात, आणि दुकानात छापील किमतीला बॅटरी कोणी घेतच नाही, त्यामुळे कार्डावरची टक्केवारी वाचून वाटते तेवढा फायदा हातात पडत नाही. दादांना तोही मिळाला नाही. कार्डच सापडले नाही. तिसरी बॅटरी ४,९०० मधून ७५० वजा जाता ४,१५० रुपयांना आली. या वेळी मात्र वॉरंटीची नोंद दुकानदाराने फोन नंबरावर करून दिली होती.

या तिसऱ्या बॅटरीला अकरा महिने झाले आणि गाडी पुन्हा सुरू होईनाशी झाली. एकदा घरी, पहाटेच्या गारठ्यात. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे मंद होत आणि सेल्फमधून, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरीतून, नुसता टक-टक असा आवाज येई. दुसऱ्यांदा कोरेगावला शेतावर, दोन दिवसांच्या मुक्कामानंतर, जिथे दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून गाडी सुरू करून द्यायला येणाऱ्या मेकॅनिकने जाण्यायेण्यासह ६०० रुपये घेतले.

दुकानातील निदान

ज्या दुकानातून बॅटरी घेतली होती तेथे दादा ती घेऊन गेले. दुकानदाराने बॅटरीची सहाही बुचे काढली, काचेच्या नळीचा हायड्रोमीटर एकेका कप्प्यात बुडवून आम्लाची घनता पाहिली, आणि सगळीकडे १.१५० च्या आसपास आकडा दाखवून सांगितले, “बॅटरी चांगली आहे, नुसती उतरली आहे. चार्ज करून देतो.” चार्जिंगचे १५० रुपये. दहा दिवसांनी पुन्हा तेच घडले, पुन्हा १५० रुपये. दादांचा समज असा झाला की फ्लॅट वॉरंटीत बॅटरी बदलून द्यावी लागेल म्हणून दुकानदार टाळाटाळ करतो आहे, आणि या माणसाकडे परत जायचेच नाही असे ठरवून त्यांनी मला भाव काढायला सांगितले.

दुकानदाराची बाजू मला पहिल्या दिवशी पटली नव्हती हे कबूल केले पाहिजे. नंतर वाचले, विचारले, तेव्हा लक्षात आले की त्याने केलेली तपासणी अगदी नियमाला धरून होती. शिसे-आम्ल बॅटरीत सुमारे २.१ व्होल्टचे सहा कप्पे असतात. पूर्ण भरलेल्या बॅटरीत आम्लाची घनता १.२६५ च्या आसपास असते आणि बॅटरी उतरत जाते तसे ते आम्ल पातळ होत जाते, कारण त्यातील सल्फेट कप्प्यातल्या शिशाच्या पट्ट्यांवर जाऊन बसते. पाच कप्पे ठीक आणि एकच कप्पा बराच खाली असेल तर तो कप्पा बिघडलेला असतो. तो कारखान्यातील दोष धरला जातो आणि बॅटरी बदलून मिळते. सहाही कप्पे सारखेच खाली असतील तर बॅटरीत दोष नसून ती कोणीतरी रिकामी केलेली असते. म्हणजे दुकानदाराने ‘नुसती उतरली आहे’ म्हटले ते पुरते खरे होते. ती कशाने उतरली हे शोधणे त्याचे काम नव्हते, आणि तो प्रश्न आमच्यापैकी कोणी त्याला विचारलाही नव्हता.

भाव

तरीही भाव काढले ते नोंदवतो, कारण असा निर्णय करणाऱ्याला त्यांचा उपयोग आहे. पोवई नाक्याकडच्या एका दुकानात त्याच क्रमांकाची, २४ अधिक २४ महिने वॉरंटीची बॅटरी ४,५५० रुपयांना होती आणि जुनीचे ८०० वजा जाता ३,७५० पडत होते, बसवणे त्यातच. ऑनलाइन मागवली असती तर जुनी परत देऊन ३,९९०, घरी येऊन बसवून देणार, पण माणूस दोन दिवसांनी येणार. सर्व्हिस सेंटरमध्ये मजुरीसह ५,३५० आणि जुन्या बॅटरीबद्दल ५०० सूट, म्हणजे ४,८५०. एकाच आकाराच्या, जवळपास सारख्याच वॉरंटीच्या वस्तूसाठी अकराशे रुपयांचा फरक आहे, आणि त्यातला मोठा भाग जुन्या बॅटरीची किंमत किती धरली आणि मजुरी वेगळी लावली का, या दोनच गोष्टींतून येतो. ‘बॅटरी कितीला?’ या प्रश्नाला कोणी जुनी धरून उत्तर देतो, कोणी न धरता; तेव्हा दोन्ही आकडे मागून घ्यावेत.

गेल्या वर्षीपेक्षा भाव उतरलेला पाहून दादांना आश्चर्य वाटले. त्याचे कारण कर. शिसे-आम्ल बॅटऱ्यांवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. दादांच्या डिसेंबर २०२४ च्या ४,९०० रुपयांच्या बिलात मूळ किंमत ३,८२८ आणि कर १,०७२ रुपये होता. त्याच मूळ किमतीवर आजचा कर लावला तर ४,५१७ रुपये होतात, म्हणजे ३८३ रुपयांची बचत. जुनी बॅटरी बदल्यात दिली तरी कर मात्र नव्या बॅटरीच्या पूर्ण किमतीवर लागतो, हे बिल तपासताना लक्षात ठेवावे.

जुनी बॅटरी दुकानदार घेतो ती उपकार म्हणून नव्हे. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसे असते आणि ते वितळवून पुन्हा वापरता येते. शिवाय २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. गल्लीत येणारा भंगारवाला कधीकधी पन्नास रुपये जास्त देतो. तो आतले आम्ल कुठे ओततो ते एकदा पाहिले की त्या पन्नास रुपयांचा मोह राहत नाही.

शेजाऱ्यांचा एक सल्लाही येथे नोंदवण्याजोगा आहे : ‘३५ ची घेताच कशाला, ४५ ची टाका, म्हणजे कटकट मिटेल.’ मोठी बॅटरी या गाडीच्या ट्रेमध्ये बसत नाही ही पहिली अडचण. दुसरी अशी की टाकीला भोक असताना टाकी मोठी घेतल्याने पाणी जरा उशिरा संपते, एवढेच.

मोजणी

भावांचा तक्ता करताना सवयीप्रमाणे मी गाडीच्या कप्प्यातली सगळी बिले तारखेवार लावली. त्यातली बरीच थर्मल कागदावरची, अर्धी पुसट झालेली. खिडकीपाशी तिरकी धरून वाचावी लागली. बॅटरीच्या दोन बिलांच्या मध्ये एक तिसरेच बिल निघाले : दिवाळी २०२३ मध्ये दादांच्या मुलाने पुण्याहून आणून बसवून दिलेला डॅशकॅम, म्हणजे समोरच्या काचेमागचा कॅमेरा, आणि तो थेट गाडीच्या वायरिंगला जोडणारे ‘हार्डवायर किट’. या कॅमेऱ्याला पार्किंग मोड आहे, म्हणजे गाडी बंद असतानाही तो जागा राहून समोरची हालचाल टिपतो. त्याच वर्षी मे अखेरीस दादा निवृत्त झाले होते. तोपर्यंत गाडी रोज कोरेगाव तालुक्यातल्या शाळेपर्यंत जाऊन येत असे; निवृत्तीनंतर ती बुधवारी व रविवारी राजवाड्याकडे भाजीला आणि पंधरा दिवसांतून एकदा शेतावर, एवढीच निघते. खाणारे तोंड वाढले आणि कमाई घटली, दोन्ही एकाच वर्षी.

अंदाज पुरावा नव्हे, म्हणून व्होल्ट आणि अँपिअर मोजणारा ४५० रुपयांचा मल्टिमीटर आणला आणि एका रविवारी दुपारी मोजायला बसलो. गाडी बंद, दारे लॉक, बोनेट उघडे. ऋण टर्मिनलची केबल सोडवली; तिच्या खाली हिरवट-पांढरी भुकटी साचली होती, ती गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुतली. मग मीटर १० अँपिअरच्या मापावर लावून त्याची एक टोकणी टर्मिनलला आणि दुसरी सोडवलेल्या केबलला धरली, म्हणजे गाडीकडे जाणारा सगळा प्रवाह मीटरमधून जाऊ लागला. या स्थितीत किल्ली फिरवून सेल्फ मारायचा नाही, एवढे पथ्य कटाक्षाने पाळावे लागते. सेल्फ शंभराहून अधिक अँपिअर ओढतो आणि मीटरचा फ्यूज त्या क्षणी उडतो. सुरुवातीला आकडा दोनच्या पुढे होता. गाडीतली निरनिराळी यंत्रे एकेक करून झोपी जातात तसा तो खाली येत गेला आणि पंचवीस मिनिटांनी ०.१९ वर थांबला. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हाही ०.१९, चहा संपला तेव्हाही ०.१९. निरोगी गाडीत हा प्रवाह ०.०५ अँपिअरच्या आत असावा लागतो. मी काचेमागच्या कॅमेऱ्याची वायर उपसली. आकडा ०.०३ वर आला.

या आकड्यांचा अर्थ असा होतो. ०.१९ अँपिअर म्हणजे २४ तासांत ४.५६ अँपिअर-अवर. बुधवार ते रविवार या चार दिवसांत १८ अँपिअर-अवर गेले, म्हणजे ३५ च्या बॅटरीतून अर्ध्याहून अधिक. आठवड्याचा खर्च जवळजवळ ३२. आणि भरणा? राजवाड्यापर्यंत दहा मिनिटे जाणे आणि दहा मिनिटे येणे, अशा दोन खेपा म्हणजे आठवड्याला ४० मिनिटे. त्या वेळात अल्टरनेटरकडून (इंजिन चालू असताना बॅटरी भरणाऱ्या यंत्राकडून) बॅटरीत सरासरी २० अँपिअर जातात असे उदार हाताने धरले तरी भरणा १३ अँपिअर-अवरच्या फारसा पुढे जात नाही. शेतावरच्या खेपेने तूट थोडी भरून येते, पण ती खेप चुकली की खाते बुडते. कॅमेऱ्याच्या किटमध्ये बॅटरी फार उतरल्यास पुरवठा तोडणारा स्विच होता, परंतु तो ११.६ व्होल्टवर ठेवलेला होता आणि ११.६ व्होल्टला बॅटरीत जवळजवळ काहीच उरलेले नसते. विसावलेली पूर्ण बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते आणि अर्धी रिकामी १२.२, कामाचा सगळा पल्ला एवढ्याशा फरकात मावतो, त्यामुळे एक व्होल्ट म्हणजे किरकोळ असे ज्याला वाटेल तो फसेल. गंमत अशी की ज्या सेल्फला आपण सगळा दोष देतो तो दोन सेकंदांत १५० अँपिअर ओढूनही एका अँपिअर-अवरचा दहावा हिस्साही संपवत नाही.

बॅटरी अशी अर्धपोटी ठेवल्याने होणारे नुकसान केवळ त्या दिवसापुरते नसते. उतरलेल्या बॅटरीत दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते. लगेच चार्ज केली तर ते विरघळून परत आम्लात येते, पण दिवसेंदिवस तसेच राहिले तर त्याचे खडे मोठे व कठीण होत जातात आणि मग चार्जिंगलाही दाद देत नाहीत. तेवढा पट्टीचा भाग कायमचा निकामी होतो. त्यात एप्रिल-मेमधल्या उन्हाने पट्ट्यांची जाळी झिजण्याचा वेग वाढतो, आणि हिवाळ्यात रासायनिक क्रिया मंदावून इंजिन ऑइल घट्ट झाले की ते आधीच झालेले नुकसान उघडे पडते. साताऱ्याच्या थंडीला महाबळेश्वरचा माणूस थंडी म्हणणार नाही, पण अर्ध्या भरलेल्या बॅटरीला तेवढी पुरते.

दुसरी बॅटरी पंचवीस महिन्यांत याच कारणाने गेली का? तारखा तसे सुचवतात : कॅमेरा बसल्यानंतर ती तेरा महिने टिकली. पण ती दुकानात परत दिली गेली, पुढे भट्टीत गेली, आणि तिच्या सहा कप्प्यांत काय होते हे आता कोणी सांगू शकत नाही. माझे मत कॅमेऱ्याच्या विरोधात आहे. ते मत म्हणूनच नोंदवतो.

हिशेब

नोव्हेंबर २०२२ ते नोव्हेंबर २०२५ या काळात दोन बॅटऱ्यांचे ७,९५० रुपये, बाहेरून जोडून गाडी सुरू करून घेण्याचे तीन वेळचे १,२०० (साताऱ्यात दोनदा ३०० आणि कोरेगावचे ६००) आणि चार्जिंगचे ३००, असे एकूण ९,४५० रुपये गेले. छत्तीस महिन्यांना वाटले तर महिन्याला सुमारे २६३ रुपये पडतात. पहिली बॅटरी २०२२ च्याच भावाने धरली तरी तिच्या ५६ महिन्यांना महिन्याला ६८ रुपये पडतात. दुकानादुकानांत भाव फिरून मी जास्तीत जास्त अकराशे रुपये वाचवले असते, ते एकदाच. बॅटरी पंचवीसऐवजी पन्नास महिने टिकली तर वाचणारी रक्कम त्याच्या कितीतरी पुढे जाते, आणि ती कोणत्याही दरपत्रकात दिसत नाही.

निर्णय

तिसरी बॅटरी बदलली नाही. ती घरीच क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने, म्हणजे साडेतीन अँपिअरने, रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चार्ज केली. आठ तास विसावा दिल्यावर १२.५२ व्होल्ट भरले. सेल्फ मारताना आकडा ९.९ पर्यंत उतरला (९.६ च्या खाली गेला असता तर काळजी होती) आणि इंजिन चालू असताना १४.१ राहिला, म्हणजे अल्टरनेटरचे काम चोख आहे. नव्या बॅटरीइतकी ती धट्टीकट्टी नाही हे या आकड्यांवरून उघड आहे, पण टाकून देण्याजोगीही नाही. कॅमेऱ्याची लाल वायर सतत चालू राहणाऱ्या फ्यूजवरून काढून किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या फ्यूजवर घेण्याचे ऑटो इलेक्ट्रिशियनने ३५० रुपये घेतले. मीटरचे ४५० धरून एकूण ८०० रुपये झाले. पोवई नाक्यावरचा दुकानदार जुन्या बॅटरीचे नेमके तेवढेच द्यायला तयार होता.

पार्किंग मोड गेला म्हणून दादांच्या मुलाने फोनवर नापसंती व्यक्त केली. तेव्हा आम्ही कॅमेऱ्याचे कार्ड संगणकाला लावून पाहिले. गाडी फाटकाच्या आत, स्वतःच्या अंगणात उभी असते. कार्डात महिनाभराच्या रात्रींचे चित्रण होते आणि त्यात पहाटे येणारा दूधवाला, पेपरवाला आणि बोनेटच्या उबेला येऊन बसणारी शेजारची मांजर यांच्याखेरीज कोणी नव्हते.

फ्लॅट वॉरंटी डिसेंबर २०२६ पर्यंत शिल्लक आहे. तोवर एखादा कप्पा खरोखरच बसला तर बॅटरी घेऊन त्याच दुकानदाराकडे जायचे आहे, आणि आता दादांची त्याला हरकत नाही. दर रविवारी भाजीला निघण्यापूर्वी ते टर्मिनलला मीटर लावून आकडा दूध-पेपरच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहितात. चार दिवस गाडी उभी राहिल्यानंतरची शेवटची नोंद १२.४७ आहे.